आयगुलचा चकचक

साजिद रशियात कझानला डॉक्टरकी शिकत होता. फेब्रुवारीत तिथल्या बर्फाळ रस्त्यावर गाडीखाली सापडून गेला आणि त्याला तिथेच दफन केलं. आठ महिन्यांनी आयगुल नावाची एक तातार मुलगी कोकणात मिठबावला त्याच्या घरी आली, तेव्हा कुठे जुलेखा आणि महंमदला कळलं, की आपला मुलगा हिच्याशी लग्न करणार होता.

आयगुल इंग्रजीत बोलायची आणि साजिदची बहीण नाझनीन ते घरच्यांना सांगायची. दुसऱ्या दिवशी आयगुलने चुलीपाशी बसायची परवानगी मागितली. अंडी घालून मैदा मळला, शेंगदाण्याएवढे तुकडे करून तळले, साखर घालून मध उकळला नि त्यांच्यावर ओतला. मग ओल्या हातांनी ताटात त्याचा ढीग रचू लागली.

"चकचक म्हणतत हेका," नाझनीन म्हणाली. "त्यांच्यात लग्नात न्हवरी सासरी घेवन जाता."

जुलेखाने ओढणी तोंडावर धरली.

इथल्या दमट हवेत ढीग काही उभा राहीना. मध सुटून तुकडे घसरत होते. आयगुल पुन्हा पुन्हा दाबत राहिली. मध्येच थांबली आणि रडत भराभर काहीतरी बोलली.

"काय म्हणता ती?" जुलेखाने विचारलं.

"काय नाय गो आई."

"सांग," पडवीतून महंमद म्हणाला. कालपासून तो आयगुलशी एक शब्द बोलला नव्हता.

"म्हणता, त्या दिवशी तेंचो झगडो झालो. घरी माझ्याबद्दल सांगतलस तरी कधी, असा तिना इचारल्यान. तो रागान भायर गेलो... तो गेलोच."

महंमद दारात आला. "घरी कित्याक सांगूक नाय तेना? इचार तिका."

नाझनीनने विचारलं नाही. मान खाली घालून म्हणाली, "माका सांगल्यान हुता. अब्बा भायरची पोर घरात घेवचे नाय, म्हणायचो. तुमका भियालो तो."

महंमद खाली बसला. त्याने ताटातला एक तुकडा उचलला आणि तोंडात घातला.

सकाळी जुलेखा अंथरुणातून उठली नाही. नाझनीन तिच्याजवळ थांबली. महंमदच आयगुलला रिक्षाने कणकवली स्टेशनवर घेऊन गेला. कबरीवर कोण जातं, तिथे थंडी किती असते, हे सगळं त्याला विचारायचं होतं. भाषा येत नव्हती. त्याने तिची बॅग डब्यात ठेवली.

"रहमत," आयगुल म्हणाली. त्यांच्याकडे आभाराला हाच शब्द.

महंमदला एवढा एकच शब्द कळला. त्याला वाटलं, ती साजिदसाठी अल्लाकडे रहमत, दया मागतेय. "आमीन," तो पुटपुटला. गाडी सुटली.