डाव्या दंडावरचा पट्टा

"मूठ मिटा," असं तुम्हाला सांगायच्या जरा आधी तुमच्या दंडाला जो करकचून आवळतो ना, तो मी. रक्त काढताना बांधतात तो पट्टा. रंग निळा, लांबी हातभर, आणि एका टोकाला प्लास्टिकची कळ, जी टक्क करून बसते. माझं एक भारदस्त नावही आहे म्हणे, पण ते खोक्यावर छापलेलं होतं आणि खोकं पहिल्याच दिवशी कचऱ्यात गेलं. लॅबमध्ये मला सगळे पट्टाच म्हणत.

आधीच सांगून ठेवतो, माझा स्वभाव शांत नाही. ताणलं जाणं आणि सुटणं, एवढंच मला येतं. सुटलेला असलो तरी पुढच्या दंडाची वाट बघत वळवळत असतो.

माझा जन्म एका कारखान्यात झाला. रबराचे आणि सुताचे धागे एकत्र विणून मैलभर लांब पट्टी निघाली, ती कापली, आणि एका दुपारी माझी हजारभर भावंडं जन्माला आली. तपासणीवाल्याने मला दोनदा ताणून पाहिलं आणि बाजूला टाकलं. झालं माझं शिक्षण.

तिथून मी आलो बाईंच्या हाताखाली. बाई म्हणजे लॅबमध्ये रक्त काढणाऱ्या. पंचवीस वर्षं हेच काम. दोन खुर्च्यांची खोली, कोपऱ्यात घुरघुरणारा फ्रीज, खिडकीशी कापसाचे डबे. बाईंचा हात असा हलका की सुई गेल्याचं कित्येकांना कळायचंही नाही. पण शीर सापडली की त्यांना माणूस दिसेनासा व्हायचा. बोलणं मोजकं: हात पुढे, मूठ मिटा, कापूस दाबून धरा, पुढचा. चुकून कोणी दोन शब्द जास्त बोललंच, तर बाई घड्याळाकडे बघायच्या.

माणसं मात्र बघण्यासारखी. कोणी छताकडे बघतं, कोणी डोळे मिटतं, कोणी एकाएकी भाजीचे भाव सांगू लागतं. दारातून छाती काढून आलेले पहिलवान सुई बघून पांढरेफटक पडतात. आणि दंड कितीही फुगवला तरी खालची नाडी मला सगळं सांगून टाकते. माणसाच्या तोंडाला मी कधीच भुललो नाही.

दुःख एवढंच की माणूस माझ्या वाट्याला येतं मिनिटभर. कळ सुटली की ते गेलं. त्याच्या रक्तात काय निघालं, पुढे त्याचं काय झालं, मला कोण सांगणार? अशी हजारो अर्धवट माणसं माझ्या अंगावरून गेली आणि दर वेळी मागे चुटपुट राहिली.

जी पुन्हा पुन्हा येत, तीच तेवढी मला पूर्ण कळली. त्यात ही. घड्याळं दुरुस्त करायची म्हणून आम्ही तिला घड्याळवाली म्हणायचो.

पहिल्यांदा आली तेव्हा सोबत वहिनी होती. घड्याळवालीला घरात सगळ्यांनी मुलगा म्हणून वाढवलेलं. आपण बाई आहोत हे तिला कधीचं ठाऊक होतं, घराला फार उशिरा कळलं. डॉक्टरांनी तिला हार्मोन सुरू केले होते आणि ते रक्तात किती उतरतात हे बघायला दर तीन महिन्यांनी तपासणी. तर त्या दिवशी घाबरलेल्या वहिनीच्या तोंडून गेलं, "भाऊजी, हात सैल सोडा." दोघींचे चेहरे उतरले. बाईंनी कागद पाहिला, समोरच्या बाईकडे पाहिलं आणि म्हणाल्या, "ताई, मूठ मिटा." त्यात आपण विशेष काही केलं असं बाईंना वाटलंही नसेल. पण पुढच्या खेपेपासून वहिनी तिला वन्सं म्हणू लागली, आणि तेही साऱ्या खोलीला ऐकू जाईल अशा ठसक्यात.

पहिलं वर्ष बरं गेलं. तेव्हा ती गोळ्या घ्यायची. दर खेपेला तिची नाडी थोडी निवांत लागायची. वर्षाअखेरीला तर रक्त काढता काढता तिने बाईंना त्यांचं मनगटी घड्याळ चार मिनिटं मागे असल्याचं सुनावलं. बाईंनी काटे पुढे केले, हसल्या मात्र नाहीत.

मग डॉक्टरांनी गोळ्या बंद करून दंडाला चोळायचं जेल दिलं. शरीराला ते जास्त सोसवेल म्हणाले, आणि रोज ठरल्या वेळी लावा, चुकवू नका, असं बजावलं. आता घड्याळ दुरुस्त करणाऱ्या माणसाला ठरली वेळ सांगितल्यावर काय होणार? सकाळचे आठ म्हणजे आठ. सेकंदकाटा बारावर आला की हिचा उजवा हात डाव्या दंडावर. तपासणीची वेळ साडेआठची. आणि बाई रक्त काढायच्या तेही डाव्याच हाताचं, कारण तिच्या उजव्या हाताची शीर त्यांना कधी धड सापडायची नाही.

जेल सुरू झाल्यानंतरच्या पहिल्या तपासणीला मी तिच्या दंडावरून घसरलो. आयुष्यात पहिल्यांदा. बाईंनी मला पुन्हा ओढून आवळलं आणि रक्त घेतलं. रक्तातल्या हार्मोनचा आकडा आला आठशेच्या वर. हवा होता दोनशेच्या आत. डॉक्टरांनी जेल निम्मं केलं.

तीन महिन्यांनी ती आली ती ओळखू येईना. डोळ्यांखाली काळं, अंगाला घाम, आणि नाडी अशी की मला धरवेना. वहिनीच बोलत होती. वन्संना झोप नाही, जरा काही झालं की रडू येतं, हात थरथरतो. घड्याळातला स्क्रू, तांदळाच्या कणीपेक्षा बारीक, तो चिमट्यातून निसटतो. दोन गिऱ्हाइकांची घड्याळं परत आली. घड्याळवाली स्वतः एवढंच म्हणाली की गालांवरचे केस पुन्हा हाताला लागायला लागलेत. ते बोलताना तिने हात ओढून घेतला, आणि मी परत घसरलो.

"हा पट्टा ढिला पडलाय," बाई म्हणाल्या.

मी ढिला? त्याच सकाळी अकरा दंडांवर मी जागचा हललो नव्हतो. अंगाचा नुसता तिळपापड झाला. पण पट्ट्याचं ऐकतो कोण? बाईंनी मला गाठ मारून बांधलं आणि काम उरकलं.

औषध निम्मं केलेलं, आणि आकडा आला अकराशे.

डॉक्टर माणूस वाईट नव्हते, पण छापील आकड्याला फार मान द्यायचे. इतकं हार्मोन रक्तात असलं तर गुठळी होण्याची भीती असते, आणि ती भीती खरीच. त्यांनी जेल आणखी कमी केलं आणि सांगितलं की पुढच्या वेळीही असंच आलं तर सहा महिने सगळं बंद. हे मला कळलं ते तिसऱ्या तपासणीच्या दिवशी, वहिनीने बाईंना सांगितलं तेव्हा. घड्याळवाली खुर्चीत बसली होती. सहा महिने बंद म्हणजे काय, ते तिच्या नाडीवरून मला समजलं. जे अंग मागे टाकून यायला तिला अर्धं आयुष्य लागलं, त्यातच तिला पुन्हा ढकलणार होते.

बाईंनी मला बांधलं. मी घसरलो. त्यांनी मला टोपलीत भिरकावलं आणि खोक्यातून कोरा करकरीत पट्टा काढला. तो ऐटीत दंडावर बसला आणि सरळ कोपरापर्यंत घरंगळला. खोटं कशाला सांगू, मला मनापासून आनंद झाला.

बाई थांबल्या. इतक्या वर्षांत सुई हातात घेतल्यावर त्यांना थांबलेलं मी पाहिलं नव्हतं. त्यांनी सुई खाली ठेवली, बोटाने तिचा दंड चोळला आणि बोट उजेडात धरलं.

"हाताला काय लावलंय?"

"माझं औषध. आठला लावते."

"याच हाताला?"

"हो. उजव्या हाताने लावते ना."

"मागच्या दोन्ही वेळेलाही लावून आला होतात?"

"डॉक्टर म्हणाले होते, चुकवायचं नाही."

बाई दुसऱ्या खुर्चीत बसल्या. मग त्यांनी जे सांगितलं ते मलाही तेव्हाच उमगलं. कातडीवर औषध असताना सुई त्यातूनच आत गेली, म्हणजे नळीत रक्ताबरोबर ते औषधही आलं. मशीनने दोन्ही मिळून मोजलं. स्पिरिटचा कापूस एकदा फिरवून ते जात नाही. आकडा रक्ताचा नव्हताच, दंडाचा होता; रक्तात औषध कमीच पडत होतं, म्हणून तो घाम आणि ती थरथर.

आता खरी गंमत ऐका, म्हणजे मला तेव्हा गंमत वाटली नाही. बाई गप्प राहिल्या असत्या तर कोणाला काही कळलं नसतं. उजव्या हातातून रक्त घ्यायचं, आकडा खाली येणार, डॉक्टर म्हणणार, बघा, औषध कमी केल्याचा गुण आला. लॅबचं नाव शाबूत, बाईंचंही. फक्त घड्याळवाली आयुष्यभर त्या तुटपुंज्या औषधावर राहिली असती आणि सगळ्यांनी तिला सांगितलं असतं की तुझं उत्तम चाललंय.

मी टोपलीतून बाईंच्या तोंडाकडे बघत होतो. वहिनी बघत होती. फ्रीज घुरघुरत होता. बाहेरून कोणीतरी अजून किती वेळ म्हणून विचारलं.

मग त्यांनी फोन उचलला. "डॉक्टर, माझे दोन रिपोर्ट चुकलेत," त्या म्हणाल्या. "नाही, मशीनचं नाही. मी विचारायला हवं होतं, विचारलं नाही."

पलीकडून बराच वेळ बोलणं चाललं. बाई उभ्या राहून ऐकत होत्या आणि त्यांची मान लाल झाली होती. शेवटी त्यांनी फोन ठेवला आणि घड्याळवालीला सांगितलं: आज औषध लावलंय, आज रक्त घ्यायचं नाही. उद्या जेल न लावता या, उजवा हात साबणाने धुऊन या, शीर मी शोधीन. रक्त दिल्यावर काय लावायचं ते लावा.

जेल लागलेले आम्ही दोन्ही पट्टे आता बाद. आमचं अंग दुसऱ्या दंडाला लागलं तर त्याचाही आकडा बिघडायचा. बाई मला कचऱ्यात टाकणार, एवढ्यात घड्याळवाली म्हणाली, भिंतीवरच्या घड्याळांची चौकट चिकटवल्यावर ती आवळून धरायला तिला असंच काहीतरी हवं होतं. बाईंनी मला गरम पाण्यात साबणाने तीनदा धुतलं आणि तिच्या पिशवीत टाकलं.

असा मी तिच्या घड्याळांच्या दुकानात आलो. दुसऱ्या दिवशी ती रक्त देऊन आली, आणि रिपोर्ट संध्याकाळी. तो दिवस मी विसरणार नाही. आजवर मी दंड सोडून द्यायचो आणि मोकळा व्हायचो. माणसं त्यानंतर काय सोसतात याची मला कल्पनाच नव्हती. ती एक घड्याळ उघडायची, मिटायची. दाराशी जायची, परत यायची. वहिनीने आणलेला डबा तसाच राहिला. मी एका चौकटीला आवळलेला होतो, नाहीतर मीही येरझाऱ्या घातल्या असत्या.

संध्याकाळी रिपोर्ट आला तो बाईंच्या हातात. बाई स्वतः आल्या होत्या. लॅबच्या कपड्यांशिवाय त्या लहानखुऱ्या दिसत होत्या.

"अडतीस," त्या म्हणाल्या. "शंभर तरी हवा होता. डॉक्टरांशी बोलले मी. उद्यापासून पूर्ण मात्रा."

वहिनीने पदराने डोळे पुसले. घड्याळवालीने कागद घेतला, वाचला आणि टेबलावर ठेवला.

"तुमचे सहा महिने माझ्यामुळे गेले," बाई म्हणाल्या.

घड्याळवालीने टेबलावरचा कागद सरळ केला, पुन्हा एकदा आकडा पाहिला. मला वाटलं आता ती चिडेल, आणि तिने चिडावं असं मला वाटतही होतं.

"अंग मला रोज सांगत होतं बाई, काहीतरी चुकतंय म्हणून," ती म्हणाली. "मी कागद खरा धरला. मी कोण आहे हे कोणी मानत नव्हतं तेव्हासुद्धा मी माझ्या अंगाला खोटं म्हटलं नव्हतं. या सहा महिन्यांत म्हटलं."

बाईंनी तिचा हात हातात घेतला. शीर बघायला नव्हे. नुसताच धरला, आणि घड्याळाकडे न बघता बसून राहिल्या.

त्याला आता अडीच महिने झाले. मी अजून चौकटी आवळतो. माझं रबर थकलंय, कळ एकदा निखळून पुन्हा शिवली गेलीय, फार दिवस उरले नाहीत माझे. पुढच्या आठवड्यात तिची तपासणी आहे आणि मला आत्तापासून चैन नाही. तेव्हा जाण्याआधी तुमच्याकडे एक मागणं मागतो. आकडे लागतातच, रक्त द्याच, आणि हाताला काय लावलंय, कधी लावलंय ते न विचारताही सांगा. पण खुर्चीतलं माणूस म्हणालं की मला बरं वाटत नाही, तर कागद जरा बाजूला ठेवा आणि त्याला विचारा, काय होतंय. माझ्याइतका वेळ दिलात तरी चालेल. मिनिटभर.