न टोचलेलं वांगं

अभिमन दारूगोळ्याच्या कारखान्यात माल तपासायच्या नोकरीला होता, आणि तिथे काही फुटलं नाही की त्याचं कौतुक व्हायचं. पोलादी नळीत स्फोटक भरायचं, तोंड घट्ट बंद करायचं, खालून जाळ द्यायचा आणि भिंतीमागे बसून वाट पाहायची. नळी नुसती फाटली, फार तर दोन तुकडे झाले, तर माल पास. तीन झाले की नापास.

हे सगळं नीट सांगूनही बोदवडच्या रुपचंद आबांना पटेना. कस्तुरा त्यांची एकुलती लेक. तिला अभिमन पसंत होता, अभिमनला ती त्याहून. अडलं होतं ते आबांपाशी.

"भाऊ, तुम्ही जाळ लावतस आन् बसी राहतस. मनी पोर कोन्हा भरवशावर दिऊ?"

तरी सत्त्याऐंशीच्या हिवाळ्यात आबांनी त्याला वावरात भरताच्या पार्टीला बोलावलं. होय-नाही काय ते आज ठरणार, असं कस्तुराच्या मावशीनं, तानुबाईनं, हळूच सांगितलं आणि वांग्यांची पाटी त्याच्या पुढ्यात सरकवली. "टोचे मारा अन् घाला कपाशीच्या पऱ्हाटीच्या जाळात."

अभिमननं वांगी पुसली, देठ तपासले. सुरी मात्र उचललीच नाही. बंद वस्तूला भोक पाडून तापवणं म्हणजे परीक्षेत कॉपी करणं, हे इतक्या वर्षांत त्याच्या हाडात मुरलं होतं. वांगी जाळात गेली, आणि त्याच सवयीनं त्यानं कस्तुरासकट सगळ्या पाहुण्यांना बांधामागे नेऊन बसवलं. माणसंही बिचारी गेली. जेवण त्याच्या हातात होतं.

आबा तेवढे जागचे हलले नाहीत. "वांगाले घाबरतस का भाऊ?" म्हणत ते काठीनं जाळ सारखा करायला वाकले.

तेवढ्यात एक वांगं फुटलं. आबांच्या कडक इस्त्रीच्या टोपीवर निम्मं, मिशीवर उरलेलं.

अभिमन धावत आला, आबा धडधाकट असल्याचं पाहिलं आणि मग सालीकडे वळला. "दोन तुकडे," तो म्हणाला. "पास."

आपण काय बोललो हे त्याला मागून कळलं. बांधामागे हसण्यानं कस्तुराचे खांदे हलत होते.

आबांनी मिशीवरचा गर बोटानं पुसला, चाखला.

"मीठ नही शे."

"अजून घातलं नाही, आबा."

आबांनी बांधाकडे पाहिलं. कुणाच्या अंगावर शिंतोडासुद्धा नव्हता.

"बठ्ठा कोरडा शेतस," ते म्हणाले. "मी एकलानीच ऐकं नही." त्यांनी टोपी झटकली. "पोर देस मी. पन घरमा भरीत तीच करी."

एवढं बोलून आबा बांध ओलांडून गेले आणि पाहुण्यांच्या रांगेत, डोकं बांधाआड घेऊन बसले.

"हां, आते भाजा बाकीना."