युरो आला की

"या वर्षी हे घाल पावात," म्हणत क्रासेनने युरोचं कोरं नाणं परातीशेजारी ठेवलं.

स्टामेनाने आपल्या लेकाच्या नाण्याकडे पाहिलंही नाही. नाताळच्या आदल्या संध्याकाळचा गोल पाव ती मळत होती. त्यात एक नाणं दडवायचं. ज्याच्या तुकड्यात निघेल त्याचं वर्ष चांगलं. "अजून आठवडाभर बल्गेरियात लेवच चालतो," ती म्हणाली आणि घरातलं लेवचं जुनं नाणं कणकेत खुपसलं.

युरो घ्यावा की नको, घ्यायचा तर कधी, यावर टीव्हीवरची माणसं वर्षानुवर्षं घसा फोडत होती. तिला दोन्हीकडच्यांची सारखीच शिसारी होती. लेव म्हणजे बल्गेरियाचा आत्मा, असं ओरडणारा शेजारचा गांचो स्वतःची पुंजी युरोतच ठेवून होता. मंत्री पुढलं वर्ष सांगायचे आणि ते उजाडलं की त्याच्या पुढलं. जन्मभर गावच्या पोस्टात शिक्के मारलेली स्टामेना नाक मुरडायची, पण तारीख मात्र कान देऊन ऐकायची. कारण जर्मनीत ट्रक चालवायला जाताना क्रासेन म्हणाला होता, युरो आला की परत येतो. बापाला मूठमाती द्यायला आला तेव्हाही हेच म्हणाला होता.

संध्याकाळी तिघं जेवायला बसली. घेवडा होता, कोबीच्या पानात गुंडाळलेला भात होता. विधुर गांचोने बसल्याबसल्या युरोच्या नावाने बोटं मोडायला घेतली. जेवायला आलायस, भाषणाला नाही, असं त्याला सुनावून ती लेकाकडे वळली.

"मग कधी येतोस?"

क्रासेन घेवडा चिवडत राहिला. "आई, आता पैसा एकच होणार ना. मग तिथं काय न् इथं काय? उलट तूच चल. घर विकून टाकू, आता भाव येईल."

गांचोने खाली मान घातली.

"मंत्र्यांनी निदान शेवटी तारीख पाळली," स्टामेना म्हणाली. "तू त्यांच्याही वरचढ निघालास."

ती उठली. पाव मोडणं घरातल्या मोठ्याचं काम. पहिला तुकडा तिने देवमातेच्या नावाने मोडला, दुसरा घराच्या, तिसरा नवऱ्याच्या. त्यानंतरचा लेकाचा. तो हातात घेऊन ती जराशी थांबली.

"हा वाटसरूला," ती म्हणाली आणि क्रासेनच्या ताटात ठेवला.

मग पाहुण्याला करतात तसा आग्रह करून तिने त्याला घेवडा वाढला.