दोरी धरायला माणूस

माझी मुलगी रेवा बंगळुरूला असते. गेल्या वर्षी डॉक्टरांनी माझे गुडघे आणि साखर पाहून तोंड वाकडं केलं, ते मी तिला फोनवर सांगितलं, आणि तिनं तिकडे बसल्या बसल्या माणिकपूरच्या एका जिममध्ये वर्षभरासाठी माझं नाव घातलं. आमच्या वटारहून बस बदलून माणिकपूरला जायचं आणि तिथे एका पट्ट्यावर चालायचं. तो पट्टा आपल्याला कुठेच नेत नाही. घरामागे केळीची वाडी आहे, तिच्यात तेवढीच चालले असते तर निदान वाळलेली पानं गोळा झाली असती. पण माझा नवरा काशिनाथ जाऊन चार वर्षं झाली, आणि मी वाडीत एकटी फिरते याची रेवाला काळजी वाटते. मग तिला काळजी वाटते याची मला काळजी. म्हणून गेले.

सकाळी अकराची वेळ घेतली, कारण तेव्हा तिथे कुणी नसतं. पोट आत ओढून चालायची गरज पडत नाही.

जिम फर्निचरच्या दुकानावर आहे. हॉलच्या टोकाला दोन मजले उंच भिंत, आणि तिच्यावर लाल, निळे, पिवळे खुंट. कुणीतरी चघळून चिकटवल्यासारखे. त्यांना धरून वर चढायचं, असं मला विकीनं सांगितलं. विकी तिथला शिकवणारा, विरारच्या फुलपाड्याहून येतो. मी त्याला म्हटलं, आमच्याकडे नारळ पाडायला चढतात, इथे वर काय आहे? तो म्हणाला, वर काहीच नाही, काकी, तीच मजा आहे.

त्याच वेळेला एक मुलगी यायची. सुझान तिचं नाव, वय सत्तावीस, इथेच एका लॅबमध्ये रक्त तपासायचं काम, दुपारची पाळी. वर्षभर तिची एक मैत्रीण सोबत यायची, तिचं लग्न होऊन ती नाशिकला गेली. आता सुझान अकराला यायची, हात-पाय ताणायची आणि भिंतीकडे बघत बसायची. कारण नियम असा, की खाली दोरी धरायला माणूस असल्याशिवाय कुणी चढायचं नाही. वर चढणारीच्या कमरेची दोरी छतावरच्या कडीतून खाली येते ती आपल्या कमरेच्या पट्ट्याला. ती चढेल तशी आपण दोरी ओढून घ्यायची, ती पडली तर धरायची. विकीला त्या वेळी फोन आणि काउंटर सांभाळावा लागायचा. एक दिवस त्यानं हॉलभर नजर फिरवली आणि ती माझ्यावर येऊन थांबली.

"काकी, तुमचं वजन किती?"

अठ्ठ्याहत्तर. सुझान एकोणपन्नास. ती वरून पडली तरी मी जागची हलणार नाही, हे विकीच्या लगेच लक्षात आलं. उलट मी वर चढले आणि दोरी सुझाननं धरली, तर मी पडताच तीच छताला जाऊन लागेल, असंही तो म्हणाला आणि सुझान खूप हसली. मीही हसले. माझं वजन कुणाच्या उपयोगी पडतंय, हे आयुष्यात पहिल्यांदाच होत होतं.

दोन आठवडे विकीनं मला शिकवलं. मी विहिरीवर पाणी ओढत मोठी झालेली, माझे हात दोरीवर आपोआप आळीपाळीनं चालायचे. एक सुटला की दुसरा. विकी ओरडायचा, काकी, बादली नाहीये ती. इथे उजवा हात दोरीवरून सुटायचाच नाही, काही झालं तरी नाही. चाळीस वर्षांची सवय मोडायला मला पंधरा दिवस लागले. मग त्यानं परीक्षा घेतली आणि माझं नाव घालून एक कार्ड दिलं. ते मी घरी देवाच्या फळीवर ठेवलं. दुसरी जागा सुचली नाही.

तेव्हापासून सोमवार ते शनिवार, अकरा ते साडेबारा, मी सुझानची दोरी धरली. सात महिने.

चढण्याआधी तपासणी असायची. मी तिच्या कमरेची गाठ ओढून बघायची, तिनं माझ्या पट्ट्याची कडी. मग ती वर जायची आणि मला तिचे तळवे, पोटऱ्या आणि वेणी दिसायची. तिचा चेहरा मला अजूनही नीट आठवत नाही, पण पाय हजारांत ओळखीन. आज घरी कुणाशी वाजलंय का, रात्री झोप झालीये का, हे मला दोरीतून कळायचं. मधोमध भिंतीला एक पोट आलंय, तिथे पिवळा खुंट इतका लांब आहे, की पाय सोडून त्याच्याकडे झेपच घ्यावी लागते. सुझान झेप घ्यायची आणि पडायची. दिवसातून दहादा. दोरीला हिसका बसायचा, मी टाचा रोवून उभी, आणि ती वर हवेत लोंबकळत हसायची. एवढ्या बिनघोर पडणारं माणूस मी पाहिलं नव्हतं. ती पडायची ती माझ्या भरवशावर.

मग बाकावर बसून आम्ही वाडीतली वेलची केळी खायचो. ती चार गोष्टी सांगायची, वडिलांच्या, लॅबमधल्या. मी ऐकायची. साडेबाराला ती जायची. मी बस पकडायची आणि दुसऱ्या दिवशी अकरापर्यंत माझा कुणाला हात लागायचा नाही.

जानेवारीत जिमवाल्यांनी मशीन आणलं. भिंतीच्या डोक्यावर एक डबा बसवला, त्यातून गाडीच्या सीटबेल्टसारखा पट्टा खाली येतो. तो कमरेला अडकवायचा आणि चढायचं. चढाल तसा तो आपोआप आत ओढला जातो, पडलात की धरतो आणि हळूहळू खाली आणून ठेवतो. ऑटो-बिले म्हणतात त्याला. विकी खूश होता. मला म्हणाला, काकी, तुमची सुटका.

सुझान तर नाचायचीच बाकी होती. मार्चमध्ये पुण्याला स्पर्धा होती, तिनं नाव दिलं होतं. माझ्याबरोबर दीड तासात ती सहा-सातदा चढायची, कारण मधे मला दम लागायचा. मशीनवर पंधरादा चढली. मी सवयीनं पट्टा बांधून उभी होते. ती उतरायची आणि लगेच पुन्हा वर. शेवटी घाम पुसत आली आणि म्हणाली, आंटी, आता तुम्ही पण तुमचा व्यायाम करा ना, माझ्यामुळे किती दिवस गेले तुमचे. मनापासून म्हणाली. त्या मुलीत वाकडं काही नव्हतं.

आठवडाभर मी पट्ट्यावर चालले. पट्ट्यासमोर आरसा आहे, त्यात मागची भिंत दिसते.

दुसऱ्या मंगळवारी ती बाकावर बसून बूट बांधत होती आणि मी तिला द्यायला केळं काढत होते. ठरवून काही आले नव्हते. तोंडातून निघून गेलं. काल तू गेल्यावर तो मशीनचा पट्टा रिकामा वर जात होता, तो मधेच अडकला, मी म्हटलं. कर्र वाजलं वर आणि मग सुटला.

सुझानचे हात नाडीवर थांबले. तिनं विकीला हाक मारली. विकीनं मला दोनदा विचारलं, नक्की ऐकलंत, काकी? दोन्ही वेळा मी हो म्हणाले. दुसऱ्यांदा जास्त ठामपणे. सुरक्षेच्या बाबतीत तो फार काटेकोर. त्यानं लगेच मशीनला लाल फीत बांधली आणि कंपनीला तपासायला माणूस पाठवा म्हणून कळवलं.

मी पुन्हा दोरी धरली. पहिल्या दिवशी तिची गाठ ओढून बघताना माझं मन इतकं हलकं झालं होतं, की मला स्वतःची लाज वाटली. पण ती लाज काही फार वेळ टिकली नाही.

तिसऱ्या दिवशी कळलं काय झालंय ते. सुझान भिंतीच्या पोटापर्यंत गेली आणि थांबली. "आंटी, टाईट," म्हणाली. मी दोरी ताणली. ती पुन्हा म्हणाली, टाईट. याहून ताणली असती तर मी तिला उपटूनच काढलं असतं. दोरी थरथरत होती. वाऱ्यानं हलते तशी नव्हे, आतून, तापात माणूस थरथरतं तशी. झेप न घेताच ती म्हणाली, उतरवा मला. दुसऱ्या दिवशीही तेच, आणि तिसऱ्याही. आता ती दर चढाईला वरच्या कडीकडे बघायची, दोरीकडे बघायची. पडायचंच विसरली होती. आणि पडायला घाबरणाऱ्या माणसाला तो पिवळा खुंट कधी सापडत नाही.

दहाव्या दिवशी कंपनीचा माणूस आला. डबा उघडला, वाळूची पोती अडकवून खाली सोडली, म्हणाला काही दोष नाही, हिरवा स्टिकर लावून गेला. विकीनं फीत काढली. सुझान मशीनकडे गेलीच नाही. त्यानं समजावलं, कागद दाखवला. ती म्हणाली, आंटींनी कानांनी ऐकलंय, कागदाला काय कान असतात?

मग ती माझ्या शेजारी येऊन बसली आणि सहज सांगावं तसं सांगितलं, की पुण्याचं नाव काढून घेते. वर गेलं की हातपाय गार पडतात.

"पण तुम्ही बोलला नसता ना, आंटी, तर मी तशीच चढत राहिले असते त्याच्यावर. वाचवलंत तुम्ही मला."

तिनं माझ्या हातावर हात ठेवला. मी तो काढून घेतला आणि बस चुकेल म्हणून निघाले. बसला अजून पाऊण तास होता. स्टँडवर उभी राहून वाटलं, रेवाला फोन लावावा. पण वार गुरुवार होता, आम्ही रविवारी बोलतो. गुरुवारी फोन केला की ती आधी विचारते, काय झालं?

दुसऱ्या दिवशी सुझान आल्या आल्या मी तिला बाजूला घेतलं. "सुझान, तसं काही वाजलं नव्हतं गं बाय. मी बनवून सांगितलं."

ती हसली. म्हणाली, मला बरं वाटावं म्हणून बोलताय, कळतं मला. मी पुन्हा सांगितलं. तिनं माझी पाठ थोपटली, तुम्ही नका मनाला लावून घेऊ म्हणाली. खोटं मी एकदाच बोलले होते, ते तिला पटलं होतं. खरं पटवायला माझ्याकडे काही उरलं नव्हतं.

मी विकीला म्हटलं, ते मला बांध.

त्याला आधी गंमत वाटली. मग माझ्याकडे बघून मशीनचा पट्टा माझ्या कमरेच्या पट्ट्याला अडकवला आणि कडी दोनदा ओढून पाहिली. सात महिन्यांत मी त्या भिंतीला हात लावला नव्हता. सगळ्यांत मोठे ते निळे खुंट धरले. लांबून ते पायरीसारखे दिसतात, जवळून साबणासारखे. एक पाय, मग दुसरा. गुडघा कुरकुरला. पंजाबी ड्रेसचा घोळ एका खुंटाला अडकला, तो सोडवला. मशीन माझ्या पाठीशी पट्टा आत ओढून घेत होतं, काही न बोलता, माझ्याइतकंच नीट. त्याचं काम बघून मला कौतुकच वाटलं.

फार वर गेले नाही. बाहेरून फर्निचरवाल्याची पाटी जितकी उंच आहे, तितकी असेन. खाली बघितलं. आता हात सोडायचे होते. बोटं उघडेनात. सुझान खालून सांगत होती, आंटी, तसंच खुंट धरून खाली या, हळूहळू, मी सांगते पाय कुठे ठेवायचा ते. फार मायेनं सांगत होती.

"मी खोटं बोलले," मी भिंतीला म्हटलं, पण हॉल रिकामा होता, सगळं ऐकू गेलं. "तुला माझी गरज लागेना. घरी कुणी नसतं, म्हणून."

आणि हात सोडले.

हातभर अंतर काहीच नव्हतं, नुसती हवा. मग पट्ट्यानं कमरेला धरलं आणि मला गादीवर आणून ठेवलं. मी पाय टेकायला विसरले, त्यामुळे बसलेच. विकी उठवायला आला. सुझान आली नाही. ती उभी होती तिथेच उभी राहिली, माझ्याकडे न बघता त्या पट्ट्याकडे बघत. तिचा चेहरा लाल झाला होता. मला वाटलं आता काही बोलेल, बोलावं असंही वाटलं, चार कडक शब्द.

माझ्या कमरेला अडकवलेला मशीनचा पट्टा विकीनं सोडवला, तो तिनं घेतला आणि स्वतःला अडकवला. मी जवळच होते. सवयीनं माझा हात तिच्या कडीकडे गेला.

"विकी, बघ ना जरा," ती म्हणाली.

विकीनं कडी ओढून पाहिली. ती चढली. पोटापाशी थांबली, बराच वेळ. मी खाली टाचा रोवून उभी होते, हे माझ्या नंतर लक्षात आलं. मग तिनं पिवळ्या खुंटाकडे झेप घेतली, बोटं निसटली, ती पडली. मशीननं तिला धरून खाली आणलं. ती हसली नाही. हातांना पांढरी पूड लावली आणि पुन्हा चढली. पुन्हा पडली. तिसऱ्यांदा चढत असताना मी माझा दोरी धरायचा पट्टा सोडून हुकाला टांगला, केळ्यांची पिशवी बाकावर राहू दिली आणि जिना उतरले.

शनिवारपासून मी चारची वेळ मागून घेतली आहे. त्या वेळी तिथे खूप गर्दी असते आणि मशीनसाठी नंबर लावावा लागतो. पुण्याला सुझानचं काय झालं, ते विकीला विचारायचं मी रोज ठरवते. काल नंबर येईपर्यंत माझ्या पुढे एक बाई उभी होती, माझ्याच वयाची, हातमोजे नवेकोरे. तिनं मागे वळून विचारलं, भीती वाटते का हो वर? मी म्हटलं, चढताना नाही वाटत.