रेडिएटरमधले बुडबुडे

अब्बांना आठवड्यातून तीनदा शिरूर अनंतपाळहून लातूरला डायलिसिससाठी न्यावं लागतं. एसटीचे धक्के आता त्यांना सोसत नाहीत. म्हणून त्यांना घेऊन मी गावातल्या अण्णारावांनी विकायला काढलेली जुनी गाडी बघायला गेले.

इंजिन गार ठेवा, असं मी त्यांना फोनवर सांगितलं होतं. तरी बॉनेट गरम लागलं.

"तुम्ही येणार म्हणून जरा फिरवून आणली, मॅडम."

तासभर थांबून मी रेडिएटरचं झाकण काढलं. आत हिरव्या कूलंटऐवजी साधं पाणी होतं. गळती बाहेर कुठेच दिसेना. गाडी चालू करायला लावली, तर पाण्यातून बुडबुडे येऊ लागले आणि थांबेनात. इंजिनच्या जोडातलं सील फाटून आतला वायू पाण्यात शिरत होता.

"हेड गॅस्केट गेलंय, अण्णाराव."

"थोडं पाणी पितीय, बाकी लई गुणी हाय. अन् गावात दुसरी इकाऊ गाडी हाय का?"

नव्हती. हीसुद्धा लातूरपर्यंत पोचली नसती.

अब्बा केव्हाच मागच्या सीटवर जाऊन बसले होते. घरून आणलेली उशी कमरेमागे होती.

"अब्बा, उतरा."

"सीट नरम है, बेटा. थोडी देर बैठने दे."

मी दार धरून उभी राहिले. उद्या सकाळी सहाची एसटी होती.