सुई उचलू नका

ठिकाण : जपानमधलं सेंदाई, जुन्या रेकॉर्डचं दुकान. शनिवार दुपार.

नोंदवणारी : मी, ईश्वरी. राहणार फुनाबोरी, टोकियो. एका आयटी कंपनीत टेस्टर. नऊ वर्षं दुसऱ्यांच्या कामातले दोष शोधून लिहिते. त्याच फॉर्मवर हेही लिहिते आहे, कारण दुसरा फॉर्म मला येत नाही.

वस्तू : 'सॉल्ट कॅलेंडर' या ब्रिटिश बँडची तिसरी रेकॉर्ड.

निकड : पुढच्या शुक्रवारी आम्ही कायमचे पुण्याला परत चाललो.

पार्श्वभूमी

हल शहरातल्या चौघांनी मोठ्या कंपनीकडे जाण्याआधी तीन छोट्या रेकॉर्ड काढल्या. प्रत्येकीवर चार गाणी, प्रत्येकीच्या पाचशे प्रती. गिटारींच्या आवाजावर इतकी जाड साय की गाणारीचे शब्द वर येतच नाहीत. पुढे कंपनीने तो आवाज पुसून काढला, शब्द कळायला लागले आणि बँड संपला. पहिल्या दोन माझ्याकडे आहेत. सासूबाई आल्या होत्या तेव्हा पहिली ऐकून त्यांनी विचारलं होतं, मिक्सर चालू राहिलाय का गं?

तिसरी मी फक्त कॅसेटवर ऐकलेली. पुण्यात, हॉस्टेलवर, कुणीतरी कुणाकडून तरी उतरवून आणलेली. शेवटच्या गाण्यात गिटारीचे चार सूर येतात आणि तिथेच फिरत राहतात. कॅसेट संपेपर्यंत, अकरा मिनिटं. रूममेट म्हणायची, टेप खराब आहे, फेकून दे.

काय घडलं

दुकानाच्या यादीत ती रेकॉर्ड माझ्या मुलीला, तन्वीला, सापडली. म्हणून चौदा वर्षांची ती बरोबर आली होती. मालक ओनोदेरा-सान, साठीच्या पुढचे, कमरेला ॲप्रन. त्यांचा नियम असा की गिऱ्हाइकासमोर पूर्ण वाजवल्याशिवाय रेकॉर्ड विकायची नाही, आणि प्रत्येक ओरखडा पेन्सिलने चिठ्ठीवर लिहायचा.

त्यांनी लावली. तीन गाणी आम्ही उभ्याने ऐकली. चौथं शेवटाला आलं, चार सूर आले. पुन्हा तेच चार. पुन्हा.

ओनोदेरा-सानांनी लगेच सुई उचलली आणि वाकून माफी मागितली. रेकॉर्ड अडकते, अशी वस्तू विकता येणार नाही. माझा चेहरा पाहून त्यांनी आणखी एकदा माफी मागितली आणि ती फुकट न्यायला सांगितली. चिठ्ठीवर लिहिलं : सदोष.

तन्वीने रेकॉर्ड घ्यायला हात पुढे केला. मी तो धरला.

"फुकट नको," मी म्हणाले. "ही खराब नाहीये. पूर्ण किमतीला द्या आणि तो शब्द खोडा."

ते तितक्याच मऊ आवाजात नाही म्हणाले. चाळीस वर्षांत दोष लपवून त्यांनी एकही रेकॉर्ड विकली नव्हती. मी पुन्हा मागितली, ते पुन्हा नाही म्हणाले. इथे तिसऱ्यांदा मागायची पद्धत नाही. मी तिसऱ्यांदा मागितली.

"आई, ऑफिसमध्ये पण अशीच भांडतेस?" तन्वी खालच्या आवाजात म्हणाली. मग पुढचं जपानीत म्हणाली. खरंच लाज वाटली की ती जपानीवर येते.

ऑफिसमध्ये मी भांडत नाही. तिथे 'शियो देस' असतं. म्हणजे, हे असंच ठरवलेलं आहे. आमच्या कामात या दोन शब्दांपुढे अपील नाही. माझं आडनाव फॉर्मच्या चौकटीत मावत नाही, हा दोष मी पहिल्याच वर्षी नोंदवला होता. उत्तर आलं : शियो देस. नऊ वर्षं त्या फॉर्ममध्ये मी अर्धी आहे.

पुरावा

एकदाच घडलं तर अपघात. दोन वेगळ्या प्रतींवर त्याच जागी घडलं तर नाही. मी तन्वीला कॅसेट लावायला सांगितली. ती मागच्याच महिन्यात तिने माझ्यासाठी फोनवर उतरवून घेतली होती. तिने फोन काउंटरवर ठेवला.

तेच चार सूर. तिथेच फिरत.

ओनोदेरा-सानांनी सुई परत ठेवली, डोळे मिटले आणि दोन्ही एकदम ऐकले. मग म्हणाले, छापतानाच साचा बिघडला असेल. मग पाचशेच्या पाचशे प्रती सदोष.

"पाचशेच्या पाचशे अशाच असतील," मी म्हणाले, "तर रेकॉर्ड हीच आहे. दुसरी कुठे आहे? दाखवा."

त्यांनी चिठ्ठी पुन्हा हातात घेतली.

"शियो देस," मी म्हणाले. नऊ वर्षांत पहिल्यांदा, माझ्या तोंडून.

निकाल

त्यांनी खोडरबर घेतलं. 'सदोष' पुसलं, रबराचा चुरा फुंकला, आणि किंमत होती तीच लिहिली. रेकॉर्ड अजून फिरत होती. हे किती वेळ चालतं, त्यांनी विचारलं. तुम्ही उचलेपर्यंत, मी सांगितलं. त्यांचा हात सुईपर्यंत गेला, थांबला आणि ॲप्रनच्या खिशात गेला.

तेवढ्यात एक गिऱ्हाईक आलं. टाय वगैरे लावलेला माणूस. जरा वेळ ऐकून तो अदबीने म्हणाला, माफ करा, तुमची रेकॉर्ड अडकली आहे.

मी तोंड उघडणार, इतक्यात तन्वीने माझा हात दाबला.

"शियो देस," ओनोदेरा-सान म्हणाले.