पहिल्या धड्यापर्यंत

बाईचं वाचन एका सोमवारी सकाळी गेलं. नवऱ्याने चहा पुढे ठेवला, तिने वर्तमानपत्र उघडलं आणि विचारलं, आज पेपरवाला हे कुठल्या भाषेतलं टाकून गेलाय?

त्याला वाटलं, चेष्टा करतेय. पण तिचा चेहरा पांढराफटक पडला होता.

दवाखान्यात डॉक्टरांनी कागद-पेन देऊन तिला घरचा पत्ता लिहायला सांगितला. तिने तो नेहमीच्या वळणदार अक्षरात लिहिला. आता वाचून दाखवा, डॉक्टर म्हणाले. तिने कागद जवळ धरला, लांब धरला. आत्ताच स्वतःच्या हाताने लिहिलेल्या चार ओळींतलं एक अक्षर तिला ओळखता येईना. मेंदूच्या मागच्या भागात रक्ताची गुठळी अडकली होती. बोलणं शाबूत, लिहिणं शाबूत, बुद्धी जागच्या जागी. गेलं ते फक्त वाचन. परत येईल का, यावर डॉक्टरांनी खांदे उडवले.

ती तीस वर्षं शाळेत गणित शिकवत होती. सगळं गाव तिला बाई म्हणायचं, आणि चारचौघांत नवराही. तो सोफे दुरुस्त करायचा. घराच्या पुढच्या खोलीत त्याचं दुकान, तिथे फोमचे तुकडे, रेक्झिनचे गठ्ठे आणि पोट फाडून ठेवलेला एखादा सोफा कायम असायचा. त्याची शाळा सातवीत सुटली होती. लग्न दोघांच्या पसंतीचं; तिच्या माहेरच्यांनी तेव्हा नाकं मुरडली होती.

मुख्याध्यापिकेने वर्ष संपेपर्यंत सांभाळून घ्यायचं कबूल केलं. फळ्यावर लिहिणं जमत होतं, शिकवणं तर तोंडपाठ. अडचण वह्यांची होती. नववीच्या अठ्ठेचाळीस वह्या येऊन पडल्या होत्या. पहिला धडा, संच.

मी वाचून दाखवतो, नवरा म्हणाला. तिने त्याच्यासाठी खुर्ची ओढली.

पहिल्या दुपारी त्याची दातखीळ बसायची वेळ आली. ए, मग बरोबरचं चिन्ह, मग महिरपी कंस. इथवर ठीक होतं. महिरप त्याने सोफ्यांच्या पाठींवर शेकड्याने बसवली होती. पुढे मात्र नुसते आकारच. तो सांगत गेला: एक्स, मग तीन दातांचा काटा, मग एन. मग उताणी वाटी. मग पालथी वाटी. बाई आधी गंभीर होती, पालथ्या वाटीला तिला हसू आवरेना. आजारपणानंतर ती पहिल्यांदाच हसली.

"आकार सांगू नका," ती म्हणाली, "वाचा. काटा नाही तो. एक्स हा एनचा घटक आहे. म्हणा."

"एक्स हा एनचा घटक आहे."

उताणी वाटी म्हणजे संयोग, दोन्ही संचांतलं सगळं मिळून. पालथी म्हणजे छेद, दोन्हींत जे असेल तेवढंच. मधली उभी रेघ आली की म्हणायचं, 'असे की'. ती वहीच्या मागच्या पानावर चिन्ह काढायची आणि तो वाचायचा. आपण काढलेलं तिला दिसायचं, पण ओळखू यायचं नाही. बरोबर काढलं ना मी, असं ती दर वेळी विचारायची.

घटक आणि उपसंच यांत मात्र तो आठवडाभर अडखळला. शेवटी ती दुकानातून त्याची सुयांची डबी घेऊन आली.

"ही वाकडी सुई डबीतल्या सुयांपैकी एक. ती घटक. आता सगळ्या वाकड्या सुया वेगळ्या काढा. हा झाला उपसंच."

"आणि वाकडी सुई एकच असली तर?"

"नुसती असली तर घटक. महिरपी कंसात घातली की एकाच घटकाचा संच."

"म्हणजे सुई तीच, पण कंसात घातल्यावर ती निराळीच वस्तू झाली."

बाईने भिंतीशी असलेल्या आपल्या गणिताच्या पुस्तकांच्या कपाटाकडे पाहिलं. मग म्हणाली, "हे कपाट तीस वर्षं तुमच्यासमोर आहे. कधी एकदाही विचारलं नाहीत, यात काय आहे म्हणून."

त्याने सुया डबीत भरल्या. "विचारलं होतं. लग्नानंतर, पहिल्याच वर्षी. तू हसली होतीस."

"मी?"

"शेजारीण बसली होती. तिच्यासमोर."

बाईने खूप आठवून पाहिलं. तिला त्यातलं काहीही आठवेना. त्या दिवशी पुढच्या वह्या झाल्या नाहीत.

नंतर मात्र तो झपाट्याने शिकला. दुकान दुपारी चारला बंद करायचा, हातपाय धुऊन टेबलाशी बसायचा. घडाघड वाचायचा. कोणाच्या वहीत कुठली चूक असणार तेही त्याला आधीच कळायला लागलं. इतक्या वर्षांत दोघं एका टेबलाशी इतका वेळ कधी बसली नव्हती, आणि बसायला सुख होतं, हे त्याला नव्यानेच कळत होतं.

मग एका दुपारी घात झाला. एका मुलीने लिहिलं होतं की कंसातला दोन हा एक, दोन, तीन या संचाचा घटक आहे. त्याने वाचून दाखवलंच नाही. लाल पेनाने काट मारली, शेजारी उपसंचाचं चिन्ह काढलं आणि पुढच्या उदाहरणाकडे वळला.

बाईला पेनाचा आवाज ऐकू आला. काय केलंत, तिने विचारलं. त्याने सांगितलं.

"बरोबर आहे तुमचं," ती म्हणाली. उठून स्वयंपाकघरात गेली आणि ओट्याला टेकून बराच वेळ उभी राहिली.

दुसऱ्या दिवसापासून तो मुद्दाम चुकायला लागला. संयोगाला छेद म्हणायचा, डोकं खाजवायचा. तिसऱ्या दिवशी तिने वही मिटली. "असलं करू नका. त्याने जास्त लागतं." त्याच आठवड्यात तिने राजीनामा लिहिला, स्वतःच्या हाताने, एकही खाडाखोड न करता. त्याला तो वाचून दाखवावा लागला. दोन वाक्यं वाचून त्याने कागद खाली ठेवला. उरलेलं तिने तोंडाने म्हटलं.

पुढे महिन्याभरात दुसरा झटका आला. या वेळी बोलणं गेलं, उजवा हातही गेला. अकरा दिवस ती दवाखान्यात होती. ऐकू येतं का, हे डॉक्टरांनाही सांगता येईना. तो खाटेशी बसून नववीचं गणिताचं पुस्तक वाचायचा. त्याला येत होतं तेवढंच, पहिला धडा. सरावसंच संपले की पुन्हा पहिल्या पानापासून. शेजारच्या खाटेवरच्या म्हातारीला वाटायचं, काही पोथीबिथी असेल. ती हात जोडून पडायची. बाराव्या दिवशी पहाटे बाई गेली.

पंधरवड्याने तो घरी राहून गेलेल्या नववीच्या वह्या शाळेत परत करायला गेला. बाईच्या जागी आलेली शिक्षिका वयाने लहान होती. तिने वह्या चाळल्या आणि विचारलं, हे कोणी तपासलंय? दोघांनी मिळून, तो म्हणाला. एकही चूक सापडत नाही, ती म्हणाली.

तो जायला वळला आणि दारात थांबला.

"पुढच्या धड्यात काय असतं?"

"वास्तव संख्या," ती म्हणाली. पुस्तक उघडून समजावायला लागली. पानावर एक नवंच चिन्ह होतं, डोक्यावर लांब छप्पर असलेलं. ती चांगलं सांगत होती, सावकाश. पण त्याला फक्त तिचे ओठ हलताना दिसत होते. मध्येच त्याने हात जोडले आणि बाहेर आला. व्हरांड्यात मुलं ओरडत होती. तो पायरीवर बसला आणि बाई गेल्यापासून पहिल्यांदाच हमसून हमसून रडला. शिपायाने पाणी आणून दिलं, ते तसंच हातात राहिलं.

घरी आल्यावर त्याने टेबलाशी बसून स्वतःच दुसरा धडा उघडला. त्या छपरावर बोट ठेवलं. हे कसं म्हणायचं असतं, ते त्याला माहीत नव्हतं. त्याने समोरच्या खुर्चीकडे पाहिलं, पुस्तक मिटलं, आणि दुकानात जाऊन अर्धवट राहिलेल्या सोफ्याचे जुने खिळे उपटायला बसला.